छातीचा पट्टा

रायपुरात भनपुरीच्या चौकात बाबांनी एका ट्रकच्या क्लीनरला सायकलच्या पंपानं मारलं, आणि मारता मारताच ते रस्त्यावर खाली बसले. कारण एवढंच की ट्रक मागे घेताना त्यानं ‘ए बुढ्ढे, हट’ म्हटलं होतं. बाबांनी आधी सायकल स्टँडवर लावली, मनगटावरचं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि मग कॅरिअरला बांधलेला पंप सोडला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानावर. क्लीनरच्या कानातून रक्ताची धार लागली. तिसऱ्यासाठी वर गेलेला हात तसाच राहिला आणि बाबा छाती धरून बसले. चौकातल्या चहावाल्यानं हे सगळं मला दवाखान्यात सांगितलं, तेही मोठ्या कौतुकानं. ज्याचा कान फोडला त्याच्याच ट्रकच्या केबिनमध्ये घालून बाबांना दवाखान्यात आणलं होतं. क्लीनर कानाला गमछा लावून बाहेरच्या बाकावर बसला होता. मी त्याची माफी मागितली तर तो म्हणाला, “छोड़ो दीदी, बुजुर्ग आदमी हैं.” मला त्याचाही राग आला. असल्या माफ करणाऱ्यांच्याच जिवावर बाबांनी जन्म काढला.

बाबा भनपुरीच्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. तात्यापाऱ्यातल्या घरापासून मिलपर्यंत ते जन्मभर सायकलनं गेले आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी तिकडे चहा प्यायला जातच राहिले. डबा कॅरिअरला बांधायला त्यांच्याकडे जुन्या ट्यूबची कापलेली काळी पट्टी असायची. बोटभर रुंद, हातभर लांब. ती पट्टी आमच्या पाठीवरही चालायची. रबराचा मार वेगळाच असतो. लागतो तेव्हा सट्कन आवाज होतो आणि आग नंतर उठते, थांबून, सावकाश. भावाला गणितात कमी गुण पडले तेव्हा त्याची पाठ इतकी सोलली की आईनं आठवडाभर त्याला पालथं निजवलं. आईला तर कारणच लागत नसे. पोळी करपली, पाहुणा उशिरा उठला, दिवे गेले, काहीही चालायचं.

मारायच्या आधी बाबा घड्याळ काढून फळीवर ठेवायचे. काच फुटू नये म्हणून. घड्याळाचा पट्टा सुटल्याचा बारीक आवाज आला की आम्ही दोघं भावंडं पलंगाखाली असायचो. आणि नंतर आई, आत्या, शेजारीपाजारी सगळे एकच वाक्य म्हणायचे, की मनानं ते वाईट नाहीत, फक्त राग आला की त्यांना भान राहत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पटलं होतं. भाऊ तेवढा पटवून न घेता पुण्याला निघून गेला. दवाखान्यातून मी त्याला फोन केला तर म्हणाला, मरू दे. आणि फोन ठेवला.

मी मात्र राहिले. नवा रायपूरला सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते, रोज ऑफिसच्या बसनं जाते-येते. माझं लग्न टिकलं नाही. त्यात दोन ताटं आणि एक आरसा फुटला, आणि सगळंच काही समोरच्यानं फोडलं नव्हतं. रंग आईचा आणि हात बापाचा, असं आत्या माझ्याबद्दल म्हणायची.

बाबांच्या हृदयात जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की हलकं पायडल मारलेलं चांगलं, पण रस्त्यावर नको, भांडण तर मुळीच नको. नाडी एकशे वीसच्या वर जाऊ द्यायची नाही. गेली आणि तशीच राहिली तर पुन्हा भनपुरी होईल, आणि दर वेळी ट्रक मिळेलच असं नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. म्हणजे बाबांचा जीव आता माझ्या गळ्यात. प्रेम होतं म्हणून मी तो घेतला असं म्हणणार नाही. माझ्या देखत ते मरायला नको होते, इतकंच. आणि आई देवाजवळ त्यांच्यासाठी हात जोडून बसली होती.

बाबा सायकल सोडणार नव्हते आणि रस्ता बंद झाला होता, तेव्हा रस्ताच घरात आणायचा ठरला. ऑफिसातल्या एकानं लॉकडाउनमध्ये सायकलचा ट्रेनर घेतला होता. लोखंडी घडीचा स्टँड, त्यात मागचं चाक अडकवायचं, चाकाला खालून एक रोलर टेकतो, सायकल जागच्या जागी चालते. आता त्याच्याकडे त्यावर टॉवेल वाळत होते. मागितला तर त्यानं आनंदानं दिला. बाकीचं मी स्वस्तातलं जमवलं. मागच्या चाकाच्या हबला वेगाचा सेन्सर, पायडलच्या दांडीला रबरी रिंगनं अडकवायचा दुसरा, तो पाय मिनिटाला किती फिरतात ते मोजतो. छातीला बांधायचा एक पट्टा, तो ठोके मोजतो. हे तिन्ही घरातल्या जुन्या टॅबला जोडायचे आणि टॅबवर फुकटातलं ॲप. आवाज खाली भाडेकरूंना जाऊ नये म्हणून भनपुरीच्या भंगारातून कन्व्हेयर बेल्टचा जाड तुकडा आणून खाली टाकला, पुढच्या चाकाखाली वीट लावली आणि समोर कूलर ठेवला. सायकल बाबांचीच, काळी, बावीस इंची. तिचं मागचं स्टँड आड येत होतं. बाबांनी ते स्वतः पान्यानं काढलं. बोल्ट निघेना तेव्हा पाना भिंतीवर फेकून मारला. पोपडा पडला. त्या वेळी मला हसू आलं होतं.

राहिला पट्टा. तो आतून ओला करून उघड्या छातीला बांधावा लागतो, तरच ठोके घेतो. मी तो बाबांपुढे धरला. त्यांनी तो दोन बोटांत उचलून उलटासुलटा केला, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि आतल्या खोलीत नेला. मग आईला हाक मारली. दार बंद झालं. थोड्या वेळानं बाबा सदऱ्याच्या गुंड्या लावत बाहेर आले, मागून आई आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. टॅबवर आकडा उमटला, चौऱ्याऐंशी. मी टाळी वाजवली. बापाच्या सदऱ्यात हात घालून बघायची आमच्या घरात रीत नव्हती.

पहिले काही दिवस मजेचे गेले. ऑफिसच्या बसआधी तासभर मी त्यांना बसवायची. ॲपमध्ये कुठल्या तरी परदेशी डोंगरातला रस्ता दिसायचा, हिरवा, स्वच्छ, कडेला गाई. बाबांनी विचारलं, “ह्या रस्त्यावर ट्रक काहून नाही?” मी म्हटलं, नाहीत. ते म्हणाले, मग हा कायचा रस्ता. पण पायडल मारत राहिले. आई आत भाजी चिरत असायची. मधूनमधून बाबा तिला ओरडत, पाणी आण, पंखा कमी कर, नळ चालू राहिला, आंधळी आहेस का.

आकड्यांचं एक विचित्र होतं. बाबा जोरात पायडल मारत तेव्हा नाडी नव्वदच्या आसपास रेंगाळायची. आणि ते पाय थांबवून ओरडले की एकदम एकशे पंधरा, एकशे पंचवीस. गोळ्यांमुळे व्यायामानं नाडी फार चढणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून पहिल्या गोष्टीचं मला काही वाटलं नाही. दुसरी तर पटलीच. हा राग होता. जन्मभर ज्याची चाहूल घेत आम्ही पलंगाखाली शिरलो तो राग मला आता आकड्यात दिसत होता, हात उठायच्या आधी. मला केवढा आनंद झाला. मी ॲपला एकशे वीसचा गजर लावला.

आणि मग मी आईच्या मागे लागले. बाबांना कोण सांगणार? सांगायला आई होती. गजर वाजला की मी स्वयंपाकघरात धावायची आणि तिला दबक्या आवाजात झापायची. तू काही बोलू नकोस. त्यांच्या पुढ्यात येऊ नकोस. बघ, तुझ्यामुळे एकशे तीस झाली, मारशील त्यांना. एकदा डाळीला मीठ कमी म्हणून बाबांनी सायकलवरूनच स्टीलचा पेला तिच्या अंगावर भिरकावला. तो तिच्या भुवईला लागला, टेंगूळ आलं. गजर वाजत होता, एकशे अडतीस. मी टेंगळाकडे पाहिलं नाही, आकड्याकडे पाहिलं. आईला म्हटलं, तू थोडा वेळ गच्चीवर जा, त्यांना शांत होऊ दे. आई गेली. आकडा थोडा उतरला आणि मग नाहीसाच झाला, नुसती रेघ. मी म्हटलं, स्वस्तातली वस्तू, आणि संध्याकाळी पट्ट्याचा सेल बदलला.

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते मी रोज सकाळी करत होते. आई मान हलवून फक्त ‘हव’ म्हणायची. एकदा तिनं तोंड उघडलं होतं, “बाई, तो पट्टा…” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, पट्ट्याचं मी बघते, तू जिभेचं बघ.

मग तो रविवार आला. एप्रिल संपत आला होता, रायपूर तापलं होतं, आणि पायडलच्या सेन्सरची रबरी रिंग उन्हानं तडकून तुटली. मी म्हटलं दुसरी मागवते. बाबा उठले, माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली आणि ट्यूबची पट्टी घेऊन आले. कित्येक वर्षांनी मी ती पाहत होते. माझी पाठ आपोआप भिंतीला टेकली. चाळीस ओलांडलेली बाई मी. बाबांनी पट्टीचा एक तुकडा कापला, सेन्सर दांडीला असा घट्ट आणि नीट बांधला की कंपनीनंही बांधला नसता, आणि उरलेली पट्टी हँडलवर टाकून पायडल मारायला बसले.

आई गोळ्या आणि पाणी घेऊन आली. गोळ्यांची डबी तिच्या हातून निसटली, गोळ्या कूलरखाली घरंगळल्या. बाबांनी तिच्या माहेराचा उद्धार केला. रोजचंच. पण त्या दिवशी आई वाकता वाकता थांबली आणि सरळ उभी राहून म्हणाली, “मी बी थकतो जी. हातातून पडते कधी कधी.”

गजर वाजला. बाबांनी पाय थांबवले. सायकलवरून उतरले. घड्याळाचा पट्टा सोडला, घड्याळ हँडलला अडकवलं आणि ट्यूबची पट्टी उचलली. मी टॅबकडे बघत होते. एकशे एक्केचाळीस. हे माझं मलाच सहन होत नाही, की मी त्या क्षणी टॅबकडे बघत होते. सट्कन आवाज आला. आईच्या दंडावर. एकशे सत्तावन्न. पुन्हा आवाज, या वेळी मानेवर. ती ओरडली नाही. ती कधीच ओरडत नसे, खाली भाडेकरू ऐकतात म्हणून.

मला वाटलं, हे आता पडणार, आत्ता पडणार. मी मागून बाबांना कवेत धरलं, ओढून पलंगावर पाडलं आणि छाती मोकळी करायला सदऱ्याच्या गुंड्या तोडल्या. आत पट्टा नव्हता. माझा तळहात सरळ त्यांच्या कातडीवर पडला. पांढरे केस, घामाचा ओलसरपणा, आणि खाली ठोका. संथ. एक, मग एक, मग एक. दुपारी पेपर वाचताना असतो तसा. श्वाससुद्धा चढलेला नव्हता. ते माझ्याकडे त्रासिकपणे बघत होते, झोपमोड झाल्यासारखे.

टॅब वाजतच होता. एकशे एकसष्ट.

मी मान वळवली. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा हात पदराखाली, ब्लाउजच्या खालच्या काठाशी होता.

“आई, पट्टा कुठं आहे?”

“माह्या आंगावर,” ती म्हणाली. “त्यायले लाज वाटे. म्हणे, बायकायच्या आतल्या कपड्यावानी दिसते, मी नाही घालत. तूच घाल. मशीनले काय समजते.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी ज्याला राग म्हणत होते ती भीती होती. त्यांची नाडी म्हणून मी जिच्यावर पहारा देत होते ती तिची होती, आणि ती चढली म्हणून मी तिलाच झापत होते. तिला सांगत होते की तू त्यांना मारशील. आणि हा माणूस, ज्याला राग आला की भान राहत नाही असं आम्ही मानलं, त्याचं काळीज पट्टी चालवताना जागचं हललं नव्हतं. घड्याळ समोर हँडलला लटकत होतं. भान नसलेला माणूस आधी घड्याळ काढून ठेवतो का? इतकी वर्षं रोज डोळ्यांनी पाहून आम्हा तिघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

मी पट्टी त्यांच्या हातातून हिसकली. ते उठायला गेले तर मी छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. त्यांचं डोकं पलंगाच्या लाकडावर आपटलं, ठक्कन. मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. मी पट्टी वर उचलली. ती तळहातात अशी बसली की जणू माझ्याच मापानं कापली होती. बाबांनी पहिल्यांदा तोंडापुढे कोपर धरलं.

आणि टॅबचा आवाज वाढल्यासारखा वाटला म्हणून मी बघितलं. एकशे बहात्तर. आई बाबांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी पट्टी खिडकीतून बाहेर फेकली. बाबा उठले, सदरा सारखा केला, हँडलवरचं घड्याळ काढून मनगटाला बांधलं, आणि आईला म्हणाले, “चाय आण.”

चहा कोणी आणला नाही. मी आईला तशीच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. दंडावर आणि मानेवर वळ उठले होते, ते नर्सला दिसले आणि तिनं काही विचारलं नाही. डॉक्टरांनी आईचा कार्डिओग्राम काढला, तोंड वाकडं केलं, आणखी तपासण्या लिहिल्या आणि विचारलं, छातीत असं धडधडतं कधीपासून? आईला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, “असं सगळ्यायचंच होत असन ना?” बाबांच्या ठोक्यांचं मी सांगितलं तर डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा परिणाम, नाडी दाबून धरतात त्या. असेल. पण गोळ्या परवाच्या आहेत आणि घड्याळ जुनं.

आता मी आणि आई नवा रायपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. समोर रुंद, रिकामा रस्ता आहे, आईला तो आवडतो. टॅबमधल्या परदेशी रस्त्यासारखा दिसतो म्हणते, गाईसुद्धा आहेत. बाबा तात्यापाऱ्यात. आत्याचा मुलगा डबा पोचवतो. ते रोज पायडल मारतात. जुन्या फोनवर ॲप लावून घेतलंय आणि खातं अजून माझंच आहे, म्हणून मला दिसतं. वेग येतो, पायांचे फेरे येतात, नाडीच्या जागी रेघ. आई रोज विचारते, चालवली का? मी हो म्हणते. ती बरं म्हणते. एकदा म्हणाली, आपण निघून आल्यावर ते एकटे पडले. मी उठून ताटं घेतली. बोलले असते तर ओरडले असते.

पट्टा आईच घालते, डॉक्टरांनीच सांगितलंय, दिवसातून काही वेळ. टॅब फ्रिजवर उभा असतो. ती पोळ्या लाटत असते तेव्हा ब्याऐंशी, टीव्ही बघताना चौऱ्याहत्तर. औषधांनी गुण येतोय असं मीच सगळ्यांना फोन करून सांगत होते.

परवा ऑफिसातून आले तीच तापलेली. सोसायटीची पाण्याची मोटर तिसऱ्यांदा बिघडली होती आणि मी दारातून आत येता येताच फोनवर मॅनेजरला हिंदीतून धुऊन काढत होते. उद्या मोटर चालू झाली नाही तर तुझ्या घरी येऊन तुला दाखवते, असलं काहीतरी. चप्पल भिरकावली. फोन खांदा आणि कानात धरला आणि सवयीनं, घरी आल्यावर सगळेच काढतात तसं, हातातलं घड्याळ सोडलं.

फ्रिजवर गजर वाजला. एकशे चौतीस.

आई ओट्याशी उभी होती, हातात उलथनं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. मनगटाकडे बघत होती.

मी फोन बंद केला. घड्याळ परत हातात घातलं. बक्कल लवकर लागेना. आई पुन्हा तव्याकडे वळली आणि म्हणाली, हात धुऊन घे, गरम आहे तवर खाऊन घे. आकडा शंभराच्या खाली यायला भाताला लागतो तितका वेळ लागला. तोवर मी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आता मी घरात घड्याळ काढत नाही. घालूनच भांडी घासते, घालूनच झोपते.